शेवटच्या खंडाची शिवण

माझी बायको कॉलेजात इंग्रजी साहित्य शिकवायची आणि मी सोफे शिवतो. लग्न ठरलं तेव्हा तिच्या मावशीने विचारलं होतं, "हे दोघं बोलणार तरी कशावर?" आम्ही जन्मभर बोललो. आता ती नाही, आणि तिच्या पुस्तकांचं काय करायचं ते मला ठरवायचं होतं.

ती पुस्तकं साधी नव्हती. जुनी इंग्रजी नाटकं ती विकत आणायची, त्यांची शिवण उसवायची आणि पानांच्या मध्ये जाड कोरे कागद घालायची. त्या कागदांवर जुन्या रंगभूमीवरच्या नटनट्यांची चित्रं चिकटवायची. छापील चित्रं, फोटो, तिकिटाएवढी कात्रणंसुद्धा. ज्याने जी भूमिका केली, त्याचं चित्र त्या भूमिकेच्या भाषणासमोर. ती लांबून दिसली की रद्दीवाले आपणहून गठ्ठे सोडायला लागायचे. मग आमच्या गल्लीच्या टोकाचा बाइंडर सगळं पुन्हा शिवून द्यायचा. अख्खं कपाट भरलं. शेवटचा खंड तेवढा खोक्यात सुटा राहिला, कारण बाइंडरने दुकान बंद केलं आणि मग ती आजारी पडली.

जुनी पुस्तकं आणि कागदपत्रं सांभाळणाऱ्या एका संस्थेने हे सगळं घ्यायचं कबूल केलं. तिथल्या बाई घरी आल्या. आल्या आल्या त्यांनी साबण मागितला, हात धुतले, कोरडे केले आणि मगच पुस्तकाला हात लावला. मला बाई तिथेच आवडल्या.

"शिवलेले खंड आहेत तसेच राहतील," त्या म्हणाल्या. "हे खोकं मात्र सुटं आहे. सुटी चित्रं आमच्याकडे चित्रविभागात जातात, नटाच्या नावाने. नाटकाची पानं तुम्हाला परत मिळतील. ही आवृत्ती आमच्याकडे आहे."

"म्हणजे शिवलेलं असलं तर पुस्तक, आणि सुटं असलं तर नुसती चित्रं?"

"हो. नियमच तसा आहे."

"मग मी शिवून देतो."

मुलगी चहा घेऊन दारात उभी होती. "बाबा, तो सोफा नाहीये."

"सोफा यापेक्षा अवघड. त्यावर माणसं बसतात."

बाई हसल्या. पण खोक्यातली पानं उलटताना त्यांचं हसू गेलं.

"काका, राग मानू नका. यात चित्रं चुकली आहेत." त्यांनी एका गुबगुबीत गालांच्या माणसाचं चित्र पुढे केलं. "हे विनोदी नट होते. लोकांना हसवण्यापलीकडे यांनी काही केलं नाही. आणि इथे ते खुनी उमरावाच्या भाषणासमोर आहेत. अशी आणखीही आहेत. मी जागा दुरुस्त करून देते, मग शिवा. नाहीतर हे कायमचं असंच राहील. उद्या विद्यार्थी बघतील आणि म्हणतील, या बाईंना नाटकातलं काही कळत नव्हतं."

हे मला लागलं. ती वर्गात उभी राहिली की मागच्या बाकावरची पोरंसुद्धा गप्प बसायची, असं तिचे विद्यार्थी तिला पोचवायला आले तेव्हा मला सांगून गेले होते.

बाई गेल्या आणि मुलगी सुरू झाली. "आईचं नाव लागणार आहे या सगळ्याला. त्या दुरुस्त करून देतात तर देऊ द्या ना! तुम्हाला कुठे इंग्रजी येतं?"

"येत नाही म्हणूनच ती चित्रं तिथे आहेत."

"म्हणजे?"

मग मी तिला सांगितलं. शेवटी शेवटी तिच्या आईला दिसेनासं झालं होतं. मी खाटेशेजारी बसून एकेक चित्र उचलायचो. नटाचं नाव मागे लिहिलेलं असायचं. मी एकेक अक्षर लावत वाचायला गेलो की ती म्हणायची, "नाव राहू द्या हो. माणूस कसा आहे ते सांगा." या गुबगुबीत माणसाला पाहून मी म्हणालो, "हा आग्रह करकरून जेवायला बसवेल आणि ताटात काय कालवलंय ते सांगणार नाही." ती इतकी हसली की ठसका लागला. मग म्हणाली, "सापडला माझा उमराव." नाटक तिला तोंडपाठ होतं. तिने पानाचा आकडा सांगितला, मी चित्र तिथे चिकटवलं.

मुलीने ते पान खोक्यातून काढलं. चित्र समोर ठेवून तिने शेजारचं भाषण मोठ्याने वाचलं. मला शब्द कळत नव्हते, आवाज कळत होता. आधी भराभर वाचत होती, मग सावकाश.

"उमराव पाहुण्याला घरात घेतोय," ती म्हणाली. "आणि हा असा हसतोय म्हणून जास्तच भीती वाटते."

मग तिने दुसरं पान काढलं. "बरं, म्हाताऱ्या न्यायाधीशाच्या भाषणासमोर ही तरणी पोरगी कशाला?"

"ते मला आठवत नाही."

"चुकलं असेल?"

"असेल."

"मग हे तरी काढू या."

"नाही. तिने सांगितलं तिथे लावलंय. राहू दे."

सुटं पान शिवता येत नाही, त्याला घडी लागते. म्हणून प्रत्येक चित्राच्या पानाला मी पातळ कापडाची पट्टी चिकटवली आणि ती दुमडून घडी केली. आरीने भोकं पाडली, दोऱ्याला मेण लावलं. मुलगी पानं धरून बसली आणि माझ्या हातावर लक्ष ठेवत राहिली, जसं काही मी शिकाऊच आहे. पाठीला सोफ्याचं हिरवं कापड लावलं. बायकोला हिरवा रंग आवडायचा असं काही नाही. तेवढंच शिल्लक होतं.

शेवटी एक कोरं पान ठेवलं होतं. मी सांगितलं आणि मुलीने त्यावर इंग्रजीत लिहिलं: या खंडातली माणसं तिच्या नवऱ्याने तिला सांगितली. कोण कुठे उभं राहील ते तिने ठरवलं.

संस्थेत बाईंनी खंड उघडला. "बदललं नाहीत तुम्ही."

"नाही. का ते मागे लिहिलंय."

त्यांनी ते पान वाचलं. मग पुन्हा पुढे जाऊन बराच वेळ त्या उमरावाकडे पाहत राहिल्या. पानं उलटता उलटता थांबल्या.

"आणि न्यायाधीशासमोर ही तरुणी?"

"ते बहुतेक चुकलंय."

"तसंच ठेवायचं?"

"तसंच."

त्यांनी त्या तरुणीच्या चित्राचं पान चिमटीत धरून हलकेच ओढून पाहिलं. शिवण हलली नाही. मग त्यांनी खंडाच्या पाठीवर एकच नंबर लावला आणि तो मदतनीसबाईंच्या हातात दिला.

"पुस्तक आहे," त्या म्हणाल्या. "साहित्य विभागात."