ललिता सोडून

किल्लीवाल्याने उभ्या आयुष्यात एकच पुस्तक मन लावून वाचलं होतं, आणि ते एका तिजोरीसोबत आलेलं माहितीपुस्तक होतं. तरी गेले दोन महिने तो वाचनालयाचा सभासद होता. पुस्तकांसाठी नव्हे, ग्रंथपाल बाईंसाठी. त्यांच्या कपाटाचं कुलूप दुरुस्त करायला गेला आणि स्वतःच अडकला. पन्नाशीला आलेल्या माणसाने असं अडकू नये, असा काही नियम नाही.

सोमवारी बाईंनी फळ्यावर सूचना लिहिली: 'सभासदांनी सध्या वाचत असलेल्या ललितेतर पुस्तकाविषयी शनिवारी पाच मिनिटं बोलावं.'

शाळेत किल्लीवाल्याला व्याकरणातलं एकच जमायचं, संधी सोडवणं. त्याने तिथल्या तिथे सोडवला. ललिता अधिक इतर. म्हणजे ललिता सोडून बाकी कुणाचंही पुस्तक चालेल!

घरी येताच त्याने थोरल्या बहिणीला गाठलं. "ताई, ही ललिता कोण गं?"

"कोण ललिता?"

"लेखिका असणार. बाईंनी तिच्यावर चक्क बंदी घातलीय. फळ्यावर लिहून."

"अगं बाई! मग काहीतरी मोठंच केलं असणार तिने. नवरा पळवला असेल."

"बाईंचं लग्नच झालेलं नाही."

"तुला बरं माहीत!" ताई म्हणाली.

किल्लीवाल्याचे कान लाल झाले, पण डोकंही तापलं. बाईंसारख्या सालस बाईला दुखावते म्हणजे काय? आता चुकून त्या ललिताचंच पुस्तक हाती आलं, तर सगळंच मुसळ केरात! त्यातून ती टोपणनावाने लिहीत असली तर? चार दिवस त्याने वाचनालयाची कपाटं पालथी घातली. शेवटी मुंग्यांवरचं एक जाडजूड पुस्तक मिळालं. मागे लेखकाचा फोटो होता, छातीपर्यंत दाढी. ही ललिता असणं शक्यच नव्हतं.

शनिवारी दातांचे डॉक्टर मिठाच्या इतिहासावर बोलले. बेकरीवाल्या काकू झोपेच्या शास्त्रावर इतकं रंगून बोलल्या, की दोघांना डुलकी लागली. मग किल्लीवाला उभा राहिला.

"मी मुंग्यांवरचं वाचतोय. पण आधी एक सांगतो. ललिताचं एक पानही मी वाचलेलं नाही आणि वाचणार नाही. तिने बाईंचं काय वाकडं केलं ते मला माहीत नाही. पण मी बाईंच्या बाजूने आहे."

"कोण ललिता?" डॉक्टरांनी विचारलं.

त्याने फळ्याकडे बोट दाखवलं. हास्याचा असा स्फोट झाला की झोपलेले दोघेही जागे झाले.

"अहो, ललितेतर म्हणजे कथा-कादंबऱ्या, कविता सोडून बाकीचं!" काकू डोळे पुसत म्हणाल्या.

"हसू नका!" व्याकरणाचे निवृत्त मास्तर ताडकन उठले. "आ अधिक इ, ए! संधी निर्दोष सोडवलाय. तीस वर्षांत माझ्या एकाही विद्यार्थ्याला हे जमलं नाही."

"पण मास्तर, अर्थ?"

"अर्थ माझ्या विषयात येत नाही."

किल्लीवाल्याला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. पुस्तक काखेत मारून तो जिन्याकडे सटकला. हे वाचनालय आता कायमचं बंद, असं त्याने मनाशी ठरवूनही टाकलं.

"थांबा," मागून बाई आल्या. त्या हसत नव्हत्या. "माझं कुणाशी वाजलं की लोक आधी विचारतात, चूक कुणाची. तुम्ही विचारलं नाहीत."

"सुचलंच नाही," तो खरं ते बोलला.

"उद्या सुट्टी आहे. समोरच्या हॉटेलात चहा घेऊ. मला मुंग्यांविषयी ऐकायचंय."

किल्लीवाल्याने काखेतलं पुस्तक उघडून खूण पाहिली. "पण बाई, माझी नऊच पानं झालीत."

"मग हळूहळू सांगा," बाई म्हणाल्या.