तिसरा दणका

मार्च महिन्याच्या दुसऱ्या सोमवारी, सकाळी साडेदहा वाजता, डोंगरवाटाड्यांच्या परवाना-परीक्षेच्या शेडमध्ये एका शिंपिणीचे दोन दणके वाया गेले होते. अट स्पष्ट होती: स्वतः निगा राखलेल्या अग्निदट्ट्याने तीन दणक्यांत चिंधी पेटवायची. वयोमर्यादेमुळे ही तिची अखेरची संधी होती.

अग्निदट्ट्या म्हणजे एका टोकाला बंद असलेली पितळी नळी आणि तीत घट्ट बसणारा दांडा. दांड्याच्या टोकावरील खळीत करपवलेली चिंधी भरून दांडा जोराने आत ठोकला, की कोंडलेली हवा तापते आणि चिंधी धुमसू लागते.

"वहिनी, मनगट मोडून घेशील," सोबत आलेली नणंद म्हणाली. "जोरच कमी पडतोय तुझा."

"वन्सं, जोराचं काही नाही. हे हुंगा."

चिंधीला तेलाचा वास होता. दर शनिवारी शिलाईयंत्राला तेल घालताना तिने या दट्ट्यालाही मायेने चार थेंब पाजले होते. यंत्र तेलाने सुखावते. येथे मात्र तेच तेल खळीत उतरून चिंधी भिजवत होते. चूक तिचीच होती, आणि ती सुधारण्याजोगी होती.

ती परीक्षकांकडे वळली. "साहेब, दोन दणक्यांमध्ये किती वेळ घ्यायचा, हे नियमात आहे का?"

त्यांनी कागद उलटसुलट पाहिला. "नाही."

"मग बसा निवांत."

काडीला फडके गुंडाळून तिने नळी पुसली. पहिले फडके काळे निघाले, दुसरे तपकिरी, पाचवे कोरे. खळीतली काजळी सुईने खरवडली. दांड्यावरचा फुगलेला दोरा उसवून, मेण चोळलेला नवा दोरा वेढ्याला वेढा भिडवून गुंडाळला. गाठ मारली नाही. गाठीशेजारच्या फटीतून हवा निसटते. शेवटचे टोक वेढ्यांखाली दडपले.

"एवढ्यात एक झबलं शिवून झालं असतं," नणंद कुरकुरली.

"काजांसकट."

तिने दांडा अंगठ्याने दाबून सोडला. तो आपोआप वर उसळला. म्हणजे हवा कोठूनही गळत नव्हती. मग कोरडी चिंधी भरली, नळी फळीवर टेकवली आणि तळहाताने दणका हाणला.

दांडा उपसला, तेव्हा खळीत मोहरीएवढा लाल ठिपका होता. तिने तो वाळल्या गवतावर अलगद झटकला आणि फुंकर घातली. धूर आला, पाठोपाठ ज्योत.

परीक्षकांनी वाकून पाहिले आणि कागदावर खूण केली.

"पेटलं. पास."