बॅकअपवरचा जिना

"ज्याला कशाचीच गरज लागत नाही, तोच खरा स्वतंत्र माणूस," असं म्हणून काटेसाहेबांनी चष्म्यासाठी खिसे चाचपले. चष्मा सुनेने आणून दिला, टेबलावरचा घराचा नकाशा मुलाने त्यांच्याकडे फिरवला, थोरल्या बहिणीने चहाचा कप हाताशी सरकवला, आणि मग स्वतंत्र माणूस नकाशा वाचू लागला.

त्यांचं आडनाव काटे नव्हतं. वजनमापे निरीक्षक म्हणून ते निवृत्त झाले होते आणि बाजारात त्यांना सगळे याच नावाने ओळखत. लग्न झाल्याच्या पहिल्याच वर्षी त्यांनी सख्ख्या सासऱ्याच्या दुकानातला तराजू सील केला होता. त्यामुळे जावई म्हणून त्यांचा मान उतरला; पण शब्दाला असं वजन आलं की पुढे "काटेसाहेब म्हणाले" एवढ्यावर दुकानदारांची भांडणं मिटायची. आपण आयुष्यात एकही खोटा शब्द बोललो नाही, असं ते स्वतःच सांगत. तेही खरंच होतं.

समोर सोलर कंपनीची इंजिनिअर लाल पेन उघडून बसली होती. गच्चीवर पॅनल बसवायचे हे नक्की झालं होतं. घोडं अडलं होतं ते बॅटरीपाशी.

"पॅनल असताना बॅटरी कशाला?" काटेसाहेबांनी विचारलं. "सूर्य काय संपावर जातो?"

"सूर्य नाही जात, काका. लाइन जाते. आणि बाहेरची वीज गेली की पॅनलही आपोआप बंद होतात. खांबावर कोणी दुरुस्तीला चढला असेल, तर आपल्या घरातून उलटी वीज जाऊन त्याला शॉक बसायला नको."

"म्हणजे डोक्यावर ऊन, गच्चीवर पॅनल, आणि घरात पंखा बंद?"

"बॅटरी नसेल तर, हो."

"चांगली अक्कल आहे. लग्न आपलं आणि जेवायला मात्र शेजाऱ्यांची परवानगी."

"म्हणून तर म्हणतोय बाबा, बॅटरी घेऊ," मुलगा म्हणाला. तो विमा कंपनीत होता. न आलेल्या संकटाविषयी बोलताना त्याचा आवाज आपोआप गोड होत असे.

"पण एक आहे," इंजिनिअर म्हणाली. "बॅटरीवर अख्खं घर चालत नाही. निवडक पॉइंटच बॅकअपवर घ्यायचे. तर मला प्रत्येकाने सांगा, वीज गेली की तुम्हाला काय काय लागतं?"

बिचारीला कल्पना नव्हती. या घरात चोरी एक वेळ कबूल झाली असती, गरज नाही. ताप आला तर तो अंगावर काढायचा, उकडत असेल तर "हवा छान आहे" म्हणायचं, आणि दुसऱ्याच्या घरी पाणी विचारलं तर आत्ताच पिऊन आलो असं सांगायचं, अशी इथली रीत होती. काटेसाहेब मात्र खोटं बोलत नसल्यामुळे दुसऱ्याच्या घरी जाण्यापूर्वी खरोखरच पाणी पिऊन निघत.

"मला काही नको," मुलगा म्हणाला. "वायफाय राहिलं तर राहू दे. नाही राहिलं तर मी पुस्तक वाचीन."

"अंधारात?" सुनेने विचारलं.

"खिडकीत बसून."

"माझं तर सगळं क्लिनिकमध्येच असतं," सून म्हणाली. ती दंतवैद्य होती. "घरी आल्यावर मला काही म्हणजे काही लागत नाही."

"आणि आजी, तुम्हाला?" इंजिनिअरने काटेसाहेबांच्या बहिणीकडे बघून विचारलं.

"आजी कोणाची? सिस्टर म्हण, नाहीतर काही म्हणू नकोस," अक्का म्हणाली. मोठ्या इस्पितळातून ती मेट्रन होऊन निवृत्त झाली होती आणि वरच्या मजल्यावरच्या खोलीत एकटी राहत होती. "भरल्या वॉर्डात एका कंदिलावर रात्र काढलीय मी. सलाइनची सुई एका फटक्यात. मला कशाला हवाय दिवा?"

"काका?"

"मला तर मुळीच काही नको."

इंजिनिअरने पेनाचं टोपण लावलं. "मग बॅटरी घेताय कोणासाठी?"

सगळे नकाशात डोकं घालून बसले. शेवटी तीच म्हणाली, "बरं, फ्रीज धरू?"

फ्रीजला सगळ्यांनी एकमुखाने मान्यता दिली. घरात गरज कबूल करायला लाज न वाटणारा तो एकटाच होता. त्याच्या पाठोपाठ, पाहुणे आले तर म्हणून, हॉलमधला पंखा मंजूर झाला.

"आता जिना, वरचा पॅसेज आणि वरची खोली," इंजिनिअर म्हणाली.

"तिथे मीच असते," अक्का म्हणाली. "सांगितलं ना, नको."

इंजिनिअरने नकाशावरच्या जिन्यावर लाल पेन टेकवलं. काटेसाहेब त्या टोकाकडे बघत राहिले.

मागच्या आठवड्यात दिवेलागणीला वीज गेली, तेव्हा ते स्वयंपाकघरात पाणी प्यायला गेले होते. खिडकीतून अजून उजेड येत होता. ओट्यावरचे चमचे त्यांना दिसत होते. अक्का फ्रीजला हात लावून उभी होती. वीज गेल्यावर माणूस चडफडतो, मेणबत्ती शोधतो. अक्का नुसती उभी होती. काटेसाहेब तिच्या पुढ्यात गेले. त्यांनी तिच्या डोळ्यांसमोर हात हलवला. अक्का त्या हाताच्या आरपार भांड्यांच्या कपाटाकडे बघत राहिली. मग चाहूल लागून खेकसली, "कोण आहे तिकडे? दिसत नाही का, मी विचार करतेय!" वीज आल्यावर तिने फ्रीज उघडून दूध काढलं, काटेसाहेबांना तिथे बघून "तू कधी आलास?" म्हणाली, आणि कामाला लागली.

त्यांनी काही विचारलं नाही. जिने भल्याभल्या सर्जनना दुसऱ्यांदा हात धुवायला लावले, तिला "तुला कमी दिसतं का" असं विचारायची त्यांची छाती नव्हती. शिवाय अक्का गेल्या महिन्यात कुठेशी एकटी जाऊन आली होती आणि तेव्हापासून तिच्या शिवणाच्या डब्यात डोळ्यांत घालायच्या थेंबांची बाटली होती. डॉक्टरांनी जे सांगायचं ते सांगितलेलंच होतं. ते तिने कोणाला कळू दिलं नव्हतं, एवढंच.

"त्यापेक्षा आत्या, तुम्ही खालीच या ना," सून म्हणाली. "मी कधीची म्हणतेय. खोली तयार आहे. भिंतीला धरायला दांडा बसवलाय, उशाशी घंटा ठेवलीय. काही लागलं की नुसती वाजवायची."

सुनेचा स्वभाव प्रेमळ होता, आणि धोका तिथेच होता. ती रागीट असती तर तिच्याशी भांडता आलं असतं.

"आयुष्यभर घंटा ऐकून धावलेय मी," अक्का म्हणाली. "वाजवायची नाही."

"पण जिना चढता-उतरताना कधी पाय घसरला तर? तसं काही झालं तर मग मी ऐकणार नाही हं. उचलूनच आणीन खाली."

अक्काचा अंगठा कपाच्या कडेवरून गोल फिरू लागला. नजर मात्र ताठ होती, पदक घेताना असावी तशी.

"तर मग जिना यादीतून काढते," इंजिनिअर म्हणाली.

"जिन्यावर दिवा पाहिजे," काटेसाहेब म्हणाले.

सगळे त्यांच्याकडे वळले.

"कोणासाठी?" मुलाने विचारलं.

"मला लागतो."

"तुम्हाला? बाबा, तुम्ही वर्षातून एकदा वर जाता, टाकी बघायला. तेही दिवसा."

काटेसाहेबांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. या जागी बसेल असं एखादं खरं वाक्य ते शोधत होते. तसं एकही सापडेना. अक्काचं नाव घेऊन खरं बोलावं, तर घंटा वाजलीच म्हणून समजा. त्यांनी घसा खाकरला.

"मला अंधाराची भीती वाटते," ते म्हणाले.

मुलगा हसायला लागला, आणि वडील हसत नाहीत असं बघून मध्येच थांबला.

"कधीपासून?" सुनेने, कुठली दाढ दुखते असं विचारावं तसं विचारलं.

"आहे आपली."

"बरं, पण मग दिवा तुमच्या खोलीत नको का? जिन्यावर कशाला?"

हा प्रश्न रास्त होता. खोटं बोलायची सवय नसल्यामुळे एका खोट्याला दुसरं लागतं, याचा त्यांना अंदाज नव्हता.

"अंधार झाला की मला अक्काकडे जावंसं वाटतं," ते नकाशाकडे बघत म्हणाले. "वर. तिच्या खोलीत."

"हा?" अक्का एकदम म्हणाली. "हा घाबरतो? अरे, हा तर दारामागे लपून, तोंडाला पीठ फासून मला..."

ती थांबली. भाऊ वर बघत नव्हता. त्याचे कान लाल झाले होते. लहानपणी मार खातानाही ते कधी झाले नव्हते. अक्काचा अंगठा कपाच्या कडेवर थांबला. तिने कप उचलला, चहा संपलेला असूनही एक घोट घेतला आणि खाली ठेवला.

"घाबरतो," ती म्हणाली. "लहानपणापासून. तुम्हाला कोणाला माहीत नाही."

"काय सांगता, आत्या!"

"माझ्या फ्रॉकचं टोक धरल्याशिवाय अंगणात पाऊल टाकायचा नाही. मोठा निरीक्षक! मांजराची सावली पडली तरी माझ्या पाठीमागे. कॉलेजात जायला लागला तरी हेच. मिशा फुटल्या होत्या, पण भीती जाईना."

"अक्का, पुरे."

"पुरे काय? डॉक्टरपुढे आणि इंजिनिअरपुढे लपवू नये. अंथरूणसुद्धा ओलं..."

"अक्का!"

"लिहून घे गं मुली," अक्का इंजिनिअरला म्हणाली. "जिना, पॅसेज आणि माझी खोली. माझ्या खोलीत चांगला लख्ख दिवा दे. ह्याला मिणमिणता चालत नाही."

इंजिनिअरने तिन्ही ठिकाणी लाल गोल काढले. काटेसाहेब उठून खिडकीपाशी गेले आणि पाठीमागे हात बांधून उभे राहिले. नोकरीभर दुसऱ्यांचं पकडलेलं मापातलं पाप आज त्यांनी स्वतः केलं होतं, तेही भर टेबलावर, चार साक्षीदारांसमोर. लाज वाटायला हवी होती. पाठ मात्र ताठ झाली होती आणि ती काही केल्या वाकेना.

बातमी घरात राहिली नाही. पोटात ठेवायचं म्हणून सुनेने क्लिनिकमधल्या मदतनीस बाईंना सांगितलं, आणि पुढचं काम बाईंनी केलं. संध्याकाळी फिरायला जाणारी मित्रमंडळी सूर्य कलला की काटेसाहेबांना मध्ये घेऊन चालू लागली. एके काळी ज्याचा काटा त्यांनी जप्त केला होता, तो किराणा दुकानदार सामान बांधताना म्हणाला, "साहेब, उजेड आहे तोवर निघा हं. नाहीतर मी येतो दारापर्यंत सोडायला." एवढ्या वर्षांत साखर मोजताना न दिसलेली माया त्याच्या आवाजात होती. काटेसाहेब "आभारी आहे" म्हणाले आणि उजेडात निघाले.

घरी मुलाने एकदा समजूत घातली, "बाबा, यात लाजण्यासारखं काही नाही." अक्का तिथेच मटार सोलत होती. "असं कसं? थोडं आहेच," ती म्हणाली.

पॅनल बसले. बॅटरी जिन्याखालच्या भिंतीवर बसली. चाचणीसाठी इंजिनिअर मुद्दाम दिवेलागणीला आली. सगळे हॉलमध्ये जमले. मुलाने चित्रीकरणासाठी फोन उभा धरला.

"घाबरू नका हं, काका," असं म्हणून तिने मेन स्विच खाली ओढला.

हॉलमधला दिवा गेला. पंखा फिरत राहिला. समोर जिना मात्र पहिल्या पायरीपासून वरपर्यंत लख्ख होता. सुनेने टाळ्या वाजवल्या.

"चढा बाबा!" मुलगा म्हणाला.

हॉलमध्ये इतका काही अंधार नव्हता. माणसांचे चेहरे ओळखू येत होते. अक्का कोपऱ्यातल्या खुर्चीत बसली होती. तिचे दोन्ही हात खुर्चीच्या हातांवर घट्ट होते आणि चेहरा दाराकडे होता, जिथे कोणीच नव्हतं. काटेसाहेब जिन्याकडे न जाता तिच्याकडे गेले.

"अक्का," ते सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "माझा हात धर ना गं."

"घाबरट कुठला," अक्का म्हणाली आणि तिने हात पुढे केला. तो थोडा बाजूला गेला. काटेसाहेबांनी तो तिथे जाऊन पकडला.

दोघं हॉलमधून निघाली. टीपॉयला वळसा घालून, गालिच्याची कड चुकवून, अगदी सावकाश. कोण कोणाला नेतंय याबद्दल बघणाऱ्यांच्या मनात तिळमात्र शंका नव्हती. "किती गोड," सून हळूच म्हणाली. पहिल्या पायरीवर अक्काचा पाय उजेडात पडला, तशी तिने हात सोडला. मग कठड्याला न धरता, मान न वाकवता, राउंडला निघाल्यासारखी ती जिना चढून गेली. वरून तिचा आवाज आला, "येतोस ना? की उचलून आणू?"

काटेसाहेब तिच्यामागे चढले. वरच्या खोलीत ती खिडकीपाशी उभी होती. दिवा खरोखरच लख्ख होता.

"अंथरुणाचं जरा जास्तच झालं," ते म्हणाले.

"तुला खोटं बोलता येत नाही," अक्का म्हणाली. "मला तोलून धरावं लागलं."

ते थोडा वेळ तिथेच बसले. खालून हाका आल्यावर एकटेच उतरले.

इंजिनिअर निघायच्या तयारीत होती. प्रत्येक ग्राहकाला कंपनीतर्फे एक भेट देतात, पण यांच्यासाठी आपण खास निवडून आणली आहे, असं सांगून तिने एक खोका काटेसाहेबांच्या हातात दिला. आत मोठी, पिवळी टॉर्च होती. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मुलाने फोन पुन्हा वर धरला. काटेसाहेब ताठ उभे राहिले, शोभेल असं हसले आणि त्यांनी बटण दाबलं.

तिच्यात सेल नव्हते.