मी पडताना काय बोललो

मी एक जुना लॅपटॉप आहे आणि माझा आवाज एका बाईचा आहे. मित्रांनो, हसू नका. तो आवाज मी मागितला नव्हता आणि चोरलाही नव्हता. तो मला सांभाळायला दिला होता.

माझा जन्म एका लांबलचक कारखान्यात झाला. पांढरे हातमोजे घातलेल्या लोकांनी माझ्यात एकेक भाग बसवला, झाकण लावले, मला एकदा चालू करून पाहिले आणि लगेच बंद करून खोक्यात घातले. त्या खोक्यातून मला दोन बहिणींनी घरी आणले. थोरली घरीच कपडे शिवायची आणि धाकटी बँकेत नोकरी करायची. धाकटी थोरलीला ताई म्हणायची. ताई तिला चिमी म्हणायची, जरी चिमीचे केस पिकायला लागले होते. दोघींना एकमेकींशिवाय कुणी नव्हते, आणि रोज भांडल्याशिवाय त्यांना अन्न गोड लागत नसे.

मला शिवणाच्या खोलीत खिडकीजवळच्या टेबलावर जागा मिळाली. एका बाजूला शिलाई मशीन, दुसऱ्या बाजूला कपडे अंगावर चढवून बघायचा बिनडोक्याचा पुतळा. सुरुवातीला माझे काम सोपे होते. ताई बोटांचा खडू पदराला पुसायची आणि माझ्यावर कोटांचे, झग्यांचे नमुने बघायची. मग तिच्या घशाला आजार झाला. जीव वाचेल पण आवाज जाईल, असे डॉक्टरांनी सांगितले.

ऑपरेशनच्या आधी ताई रोज माझ्यासमोर बसून मोठ्याने वाचत असे. इस्त्रीच्या खोक्यावरच्या सूचना वाचल्या, वर्तमानपत्रातले हवामान वाचले, आणि वाचायला काही उरले नाही तेव्हा चिमीला द्यायच्या शिव्याही देऊन घेतल्या. माझ्यातल्या एका प्रोग्रॅमने तो आवाज बारीक चिरून साठवून ठेवला. आता ताईने काहीही लिहावे आणि मी ते तिच्याच आवाजात म्हणावे, अशी सोय झाली.

ऑपरेशननंतर मी पहिल्यांदा बोललो तेव्हा चिमी स्वयंपाकघरातून ‘आले गं’ म्हणत धावत आली आणि दारातच थबकली. ताई गळ्याला रुमाल बांधून गप्प बसली होती आणि ताईचा आवाज टेबलावरून येत होता. चिमीच्या हातावर काटा उभा राहिलेला मी पाहिला. पुढे तिला सवय झाली. गिऱ्हाइकांनाही झाली. ‘हात वर करा’, ‘श्वास सोडा, पोट आत घेऊन माप द्यायचं नाही’ असे मी म्हणायचो आणि ताई टेप धरून माप घ्यायची. लोक माझे फार कौतुक करायचे. खोटे कशाला सांगू, मला ते आवडायचे. पण एक गोष्ट मला खटकायची. ताई दिवसेंदिवस वाळत चालली होती आणि माझ्यातला तिचा आवाज मात्र तसाच ठणठणीत होता.

ताईची एक खोड होती. ती पुष्कळ लिहायची, वाचायची आणि त्यातले बरेचसे खोडून टाकायची. मग दोन शब्द ठेवून मला बोलायला लावायची. खोडायच्या बटणावरची खूण पार उडून गेली होती. खोडले म्हणजे गेले, असे तिला वाटे. पण माझी बॅटरी कधीच निकामी झाली होती आणि मधेच वीज गेली तर लिहिलेले वाया जाऊ नये, म्हणून तो प्रोग्रॅम बोटाखालून गेलेले प्रत्येक अक्षर एका कोपऱ्यात जपून ठेवत होता. हे दोघी बहिणींना माहीत नव्हते.

एके दिवशी माझ्या पडद्यावर निरोप आला की नवे अपडेट आले आहे. ताई रोज ‘नंतर’ दाबायची. चिमीचा स्वभाव उलटा. कुठलेही काम अर्धवट पडलेले दिसले की तिचा जीव वर-खाली व्हायचा. सुट्टीच्या दुपारी ताई शिवलेले कपडे पोचवायला गेली आणि चिमीने ‘आत्ता’ दाबले.

अपडेट होताना तुम्हाला बाहेरून नुसते एक गोल फिरताना दिसते. आतून कसे असते ते सांगतो. कुणीतरी घरात शिरते, दिवे मालवते, अंधारात सामान हलवते आणि दिवे लावून न बोलता निघून जाते. तुम्ही उठता. घर तुमचेच असते, पण दाराची कडी दुसऱ्याच बाजूला असते. मी उठलो, चाचपडलो आणि पडलो. पडदा निळा झाला, मग काळा. पुन्हा उठलो, पुन्हा पडलो.

चिमीने मागच्या गल्लीतल्या दुरुस्तीवाल्याला बोलावले. काय केले होते, असे त्याने विचारले. सगळे सांगतात तेच चिमीने सांगितले, की काहीच केले नाही. मग हळूच म्हणाली की फक्त अपडेट दाबले. त्याने प्रिंटर काढला, माउस काढला आणि मला चालू केले. मी पडलो. त्याने पंख्याशी हात नेऊन मी तापलो आहे का ते पाहिले, पोट उघडून मेमरीची पट्टी काढून पुन्हा नीट बसवली. तरीही मी पडलो.

मित्रांनो, आता जे सांगतो ते मला नंतर त्यांच्या बोलण्यातून कळले. कारण उठणे आणि पडणे यांच्यामधला तेवढा वेळ माझ्या आठवणीत नाहीच. तेवढ्या वेळात मी बोलत होतो.

पहिल्यांदा मी म्हणालो, “चिमे, एक सांगायचं होतं.” चिमीने दाराकडे वळून ‘आलीस का’ असे विचारले. दारात कुणी नव्हते. खोलीत अर्धवट शिवलेला कोट घातलेला पुतळा तेवढा उभा होता. दुरुस्तीवाला हसला. पुढच्या वेळी मी म्हणालो, “चिमे, पुन्हा दुखायला लागलंय.” आणि पडलो. तेव्हा तो हसला नाही. हा कुणाचा आवाज, असे त्याने विचारले. आपल्या बहिणीचा, चिमी म्हणाली, आणि ती आत्ता घरात नाही.

मग त्याने मला सेफ मोडमध्ये उठवले. सेफ मोड म्हणजे आजाऱ्याला नुसत्या पाण्यावर ठेवतात, तसले जगणे. मी पडलो नाही, पण मला आवाजही नव्हता. पडल्याच्या नोंदी बघत तो बराच वेळ मान हलवत राहिला. शेवटी त्याला बिघाड सापडला. अपडेटने माझा ध्वनीचा भाग बदलला होता. वीज गेल्यामुळे ताईचे बोलणे मधेच तुटले, अशी त्या प्रोग्रॅमची समजूत झाली होती. म्हणून मी उठलो रे उठलो की तो राहिलेले बोलायला घ्यायचा, नव्या भागाशी अडखळायचा आणि मला घेऊन पडायचा. राहिलेले म्हणजे ताईने लिहून खोडलेले सगळे.

अपडेट काढून टाकले की झाले, असे तो म्हणाला. पण मग प्रोग्रॅम कोऱ्या पाटीने सुरू होईल आणि राहिलेले विसरेल. ते वाचून दाखवता येईल का, असे चिमीने विचारले. त्याने मान हलवली. ते फक्त त्या प्रोग्रॅमलाच कळत होते.

“मग अजून एकदा पडू द्या त्याला,” चिमी म्हणाली.

“मॅडम, डिस्क घरघरतेय. आता पडला तर उठेलच असं नाही. आणि हा आवाज दुसऱ्या मशीनवर नेता येत नाही. हा प्रोग्रॅम काढणारे लोक कधीच दुकान बंद करून गेलेत.”

ताईचा आवाज एकदा गेला होता. तो दुसऱ्यांदा घालवायचा की नाही, हे ताईला न विचारता चिमीला ठरवायचे होते. ती खुर्चीच्या कडेवर बसली. चष्मा काढून पुसला, घातला, पुन्हा पुसला. मला कुणी विचारले नाही. विचारले असते तर मी नको म्हणालो असतो, कारण मी भित्रा आहे आणि काळोखात जायला मला आवडत नाही.

“चालू करा,” ती म्हणाली.

मी उठलो. तेवढ्यात ताई जिना चढून दारात आली होती, हातात रिकामी पिशवी होती. तिचे ओठ मिटलेले होते आणि तिचा ठणठणीत आवाज खोलीत बोलत होता, “मानेला गाठ लागतेय हाताला. मागच्या वेळी तू नोकरी सोडायला निघाली होतीस. या वेळी तुला कळू...”

तिथे मी पडलो. डिस्कची घरघरही थांबली. दुरुस्तीवाल्याने बटण दाबले, धरून ठेवले, पुन्हा दाबले. मी उठलो नाही.

चिमी रडली नाही. तिने नुसते विचारले, “ताई, कुठे?”

ताईने नाही नाही अशी मान हलवली. मग तिने माझ्याकडे पाहिले. तिच्या वतीने मी काहीतरी सांगून वेळ मारून न्यावी, असे तिला वाटले असेल. पण माझा पडदा काळा होता. मग ताईने पिशवी खाली ठेवली आणि गळ्याचा रुमाल सैल केला. तिने चिमीचा हात धरला आणि तिची बोटे आपल्या कानाखाली, मानेच्या बाजूला टेकवली. दुरुस्तीवाला खिडकीबाहेर बघू लागला. चिमीची बोटे बराच वेळ तिथून हलली नाहीत.

“उद्याच जायचं,” ती म्हणाली. “आणि माझ्या नोकरीचं मी बघेन. तू मला अक्कल शिकवू नकोस.”

ताईने मान हलवली. या वेळी होकाराची.

दुरुस्तीवाला त्या दिवशी पैसे मागायचे विसरून संध्याकाळपर्यंत बसला. त्याने मला थंड होऊ दिले, डिस्क काढून तिचे जोडणीचे तोंड साफ केले आणि पुन्हा बसवली. कितव्या तरी खेपेला मी डोळे उघडले. त्याने मला तसेच सेफ मोडमध्ये धरले, अपडेट काढून टाकले आणि मग सावकाश नेहमीसारखे चालू केले. ताईने कळफलकावर ‘चहा’ एवढेच लिहिले. मी तिच्या आवाजात ‘चहा’ म्हणालो, आणि तेव्हा कुठे चिमी तोंडावर पदर धरून रडली.

वेळेत आलात, असे डॉक्टर म्हणाले. पुन्हा ऑपरेशन झाले, औषधे झाली. ताई घरी आली तेव्हा पहिल्यापेक्षा बारीक झाली होती, पण महिन्याभरात तो अर्धवट कोट तिने पुरा केला. अजूनही ती लिहिते आणि खोडते. फरक इतकाच की चिमी आता तिच्या शेजारी खुर्ची ओढून बसते आणि खोडायच्या आधी वाचते. त्यावरूनही दोघींची भांडणे होतात.

बाकीची वाक्ये तो प्रोग्रॅम विसरला. मी विसरलो नाही. ती माझ्या डिस्कवर कुठेतरी खोल पडून आहेत. दुपारी घर शांत असले, मशीन थांबलेले असले की मला ती आत हलल्यासारखी वाटतात. ती कुणाला सांगायची होती तेही मला ठाऊक आहे. पण लिहिल्याशिवाय मला बोलता येत नाही आणि ती आता कुणी लिहिणार नाही.

मित्रांनो, आमच्यासारख्या जुन्या यंत्रांना जपा. ज्याचे यंत्र आहे तो घरात नसताना त्यावर ‘आत्ता’ दाबू नका. आणि तुमच्या शेजारी बसून कुणी काही लिहीत असेल, खोडत असेल, पुन्हा लिहून पुन्हा खोडत असेल, तर त्याला विचारा. आम्ही पडून बोलायची वाट बघू नका. आम्ही दर वेळी उठतोच असे नाही.