रिकाम्या बाटल्यांचा अंदाज

मित्रांनो, मी एक जुनी निळी पेटी आहे. लशी गार ठेवण्यासाठीच मला घडवलं. जाड भिंती, घट्ट झाकण आणि पोटात बर्फाचे चपटे डबे. मला उन्हात कितीही फिरवा, आतली बाटली गारच राहायची. याचा मला भारी तोरा होता.

माझी नर्सबाई मला खांद्याला अडकवून गल्लोगल्ली हिंडायची. मी दिसले की पोरं धूम ठोकायची आणि मोठी माणसं त्यांच्याही पुढे. एका आजीबाईंनी तर दंडावर डास चावल्याची गांधी दाखवून, "कालच घेतली गं मी," असं ठोकून दिलं होतं. नर्सबाई हसली आणि त्यांना टोचूनच पुढे गेली.

गोवराच्या लशीची एक बाटली दहा मुलांना पुरायची. पण उघडली की काही तासांत संपवायची, नाहीतर उरलेली फेकायची. कधी दहा मुलं यायची, कधी चारच. दवाखान्यात मात्र संध्याकाळी रिकाम्या बाटल्या मोजायच्या आणि दहानं गुणायचं, अशी पद्धत होती. किती जणांना लस मिळाली, याचा अंदाज असा निघायचा. सगळेच तसं करायचे, नर्सबाईसुद्धा. दिवसभर पायपीट केल्यावर कोण उगाच डोकं शिणवणार?

गल्लीच्या टोकाला एक शिंपी राहायचा. बायको वारलेली, घरात तो आणि त्याची छोटी लेक. तिला सगळे गुंडी म्हणायचे. आम्ही गेलो त्या दिवशी ती तापानं फणफणली होती.

"आज नको टोचायला," नर्सबाई म्हणाली. "ताप उतरू दे. मी येते परत."

"नक्की या हं बाई. दुकान टाकून मला नाही जमत यायला."

महिनाअखेरीस अंदाज निघाला. गल्लीत होती त्याहून जास्त मुलं कागदावर टोचून झाली होती. डॉक्टरांनी आमची पाठ थोपटली आणि आम्हाला दुसऱ्या वस्तीत धाडलं.

"शिंप्याची मुलगी राहिलीय बहुतेक," नर्सबाई म्हणाली.

"आकडा तर भरून वाहतोय. दिली असेल कुणीतरी," डॉक्टर म्हणाले. तिलाही ते पटलं.

मग गोवराची साथ आली. शिंप्यानं गुंडीला उचलून आणलं तेव्हा तिच्या अंगभर पुरळ होतं आणि तिला धाप लागली होती. शिंपी रागावला नाही. नुसतं म्हणाला, "बाई, मी वाट बघत होतो तुमची."

गुंडी वाचली नाही. मी तिथेच टेबलावर होते, मित्रांनो. माझ्या पोटात लस होती. त्या आठवणीनं मला आजही भडभडून येतं.

नर्सबाई आता बाटल्या मोजत नाही. प्रत्येक दारात उभी राहून पोर डोळ्यांनी बघते, मगच पुढे सरकते. मी तिच्यासोबत नसते. झाकण मोडल्यापासून माझ्यात फरशीची फडकी ठेवतात. त्याबद्दल माझी तक्रार नाही.

तुम्ही फक्त एवढं करा. आज घरी गेलात की आईबाबांना विचारा, "माझ्या सगळ्या लशी झाल्या का? आणि तुमच्या?" कुणी "झाल्या असतील" म्हणालं, तर हट्टानं पुन्हा विचारा. शिंप्याच्या घरात असं विचारायला आता कुणी नाही.