दिवस मावळायच्या आत

जिनेंद्रनं अंगणात गाडी लावली, बूट उंबऱ्याच्या आत काढले, नळाखाली बोटं भिजवल्यासारखी केली आणि तसाच ताटावर बसला. निपाणीच्या छपरांमागं सूर्य टेकला होता.

"हात तरी नीट धुवा की," सौम्या म्हणाली.

"धुवंल मागनं," सासूबाई धोंडूबाई म्हणाल्या. "दिस बुडाल्यावर जेवणार हाय का त्यो? बस रं."

या जैन घरात दिवस मावळल्यावर कुणी घास घेत नसे. तीन वर्षांची प्रियदर्शनी बापाच्या मांडीवर चढली, शर्टात तोंड घुसळू लागली. जिनेंद्रनं पहिला घास तिला भरवला. रविवारचा हा शिरस्ताच होता. सकाळी बेळगावला जायचं, हिंडलग्यापलीकडच्या बंदिस्त शेडमधल्या रेंजवर दुपारभर रायफल चालवायची आणि मग महामार्गावर सूर्याशी शर्यत लावायची.

घरात पाणी गाळून पीत. कांदा उंबऱ्यात येत नसे. रायफल घेतली तेव्हा आक्कांनी, म्हणजे धोंडूबाईंनी, पाखरावर न धरण्याची शपथ घातली होती. जिनेंद्र कागदाखेरीज कशावर गोळी झाडत नसे. जमेची बाजू अशी भक्कम असल्यावर दुसरी बाजू कोण उघडून बघतो?

पोरगी फिकी पडली, चिडचिडी झाली, पोट धरून रडू लागली, तेव्हा बेळगावच्या डॉक्टरीणबाईंनी रक्त तपासायला पाठवलं.

"हिच्या रक्तात शिसं आहे," त्या म्हणाल्या. "घरात कुणी बॅटऱ्यांचं काम करतं? शिसं वितळवतं?"

"छे हो," जिनेंद्र म्हणाला. "आमचा तंबाखूचा व्यापार. आणि खाण्यापिण्याचं म्हणाल तर आमच्याएवढं सोवळं गावात न्हाय."

"छंद काही?"

"नेमबाजी. पण हिला मी कधी नेलेलं न्हाय तिकडं."

सौम्या पदराचं टोक बोटाला गुंडाळत होती.

"शर्ट त्योच असतोय," ती म्हणाली. "आणि भरवतात तिला."

डॉक्टरीणबाईंनी पेन खाली ठेवलं. गोळी सुटताना शिशाची बारीक धूळ उडते, बंद जागेत जास्तच. हाताला, केसांना, कपड्यांना, बुटांना चिकटून घरी येते. शूटिंग थांबवता आलं तर उत्तम. नाहीतर रेंजवर काही खायचं नाही, साबणानं हात-तोंड धुवायचं, कपडे-बूट तिथंच बदलायचे, ते कपडे वेगळे धुवायचे. घरी आल्यावर डोक्यावरून अंघोळ, मगच पोरगी. "आणि तुमचंही रक्त तपासून घ्या."

जिनेंद्रनं मान हलवली. जिल्ह्याची स्पर्धा तोंडावर आली होती. गाडीत बसताच त्यानं सौम्याला साबण आणि कपड्यांचा एक जास्तीचा जोड काढून ठेवायला सांगितलं.

पुढच्या रविवारी तो रेंजवरून निघाला तेव्हा कपड्यांचं गाठोडं आणि बूट डिकीत होते. साबणाचा वास हातांना होता. पण धुण्या-बदलण्यात वेळ गेला होता, आणि वाटेत ट्रकांची रांग लागली.

दारात आक्का उभ्या होत्या. ताट मांडलेलं होतं.

"बस आधी. अंघोळ काय पळून जातिया?"

प्रियदर्शनी हात पसरून धावत आली. जिनेंद्रनं दोन्ही हात डोक्याच्या वर धरले. कुणी बंदूक रोखल्यासारखा तो भिंतीला घासत न्हाणीकडं गेला. पोरगी मागं भोकाड पसरून बसली.

आत बराच वेळ पाणी वाजत राहिलं.

तो बाहेर आला तेव्हा घरात दिवा लागला होता.

"बस्तीच्या शिखरावर ऊन हाय अजून," आक्का म्हणाल्या. "जेव."

सौम्यानं खिडकीतून बघितलं. बस्तीचं, म्हणजे जैन मंदिराचं, शिखर काळं पडलं होतं. दिवस मावळल्यावर आयुष्यात कधी पाण्याच्या घोटाचीही सूट न घेतलेल्या आक्का ताटाकडं बघत होत्या, बाहेर बघत नव्हत्या.

"भूक न्हाय, आक्का." जिनेंद्रनं पोरीला उचललं आणि ओले केस तिच्या गालाला लावले. ती हसली.

धोंडूबाईंनी ताट आत नेलं. झाकपाक करायला म्हणून सौम्या मागोमाग गेली. चुलीशेजारी आणखी एक ताट झाकून ठेवलं होतं. तिनं झाकण उचललं. आक्कांच्या दोन्ही भाकऱ्या तशाच होत्या.