गिटारच्या पोटातल्या चिंध्या

उद्या नायगावात भीमगीतांचा कार्यक्रम होता. महामाया वारलेल्या बापाची जुनी जपानी, पोकळ पोटाची इलेक्ट्रिक गिटार घेऊन लातूरच्या वाद्यं दुरुस्त करणाऱ्या मिस्त्रीकडं आली. भोंग्याची वायर खुपसायची खोबण सैल झालेली, तेवढी घट्ट करायची होती. मिस्त्रीनं गिटार नुसती ठोकली.

"बद्द वाजती. लाकूड मेलंय, ताई. भंगारात टाका."

"मान बघा की. पन्नास उन्हाळे खाल्ले, केसभर वाकली न्हाई."

तिनं गिटारच्या पोटावरच्या फटीतून तारेचा आकडा घातला. बापाच्या धोतराच्या चिंध्या निघाल्या. भोंग्यासमोर पोकळ गिटार घुमून आपोआप शिट्टी मारायची, म्हणून त्यानंच कोंबलेल्या. तिनं तार छेडली आणि दुकान घुमलं.

"विकता का?" मिस्त्री म्हणाला.

"भंगार कशाला घेता? खोबण आवळा."

निघताना तिनं चिंध्या परत आत कोंबल्या. नायगावातही भोंगेच होते.